‘आपण’ म्हणजे कोण?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. माझं माहेर वसईचं, सासर सोलापूरचं. मिस्टर रेल्वेत आहेत. आमची एकुलती लेक सात वर्षांची आहे. दम्यामुळे तिचं पहिलीचं अर्धं वर्ष घरीच गेलं. तेव्हा मीच शिकवायला घेतलं आणि दोघींनाही ते मानवलं. गेल्या जूनपासून तिची शाळा घरातच भरते. गणित, मराठी, इंग्रजी बरं चाललंय, घोडं अडलंय ते इतिहासावर. आम्ही कॅथलिक. इतिहास तिला श्रद्धेच्या उजेडात कळावा अशी माझी फार इच्छा आहे. मराठीत तसं काही मिळेना, म्हणून अमेरिकेतले कॅथलिक होमस्कूलिंगचे अभ्यासक्रम पाहिले. तीन समोर आहेत: सेटनचा इयत्तावार तयार संच, टॅन प्रकाशनाची ‘द स्टोरी ऑफ सिव्हिलायझेशन’ ही चार खंडांची मालिका, आणि ‘कनेक्टिंग विथ हिस्टरी’ ही चार वर्षांची आखणी. कोणता घेऊ? सासूबाई म्हणतात, ‘सोलापुरात राहून अमेरिकेचा इतिहास कशाला?’ मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या मोठ्या मुलाने लेकीला विचारलं, ‘तुमच्या लोकांनी गोव्यात जबरदस्ती केली होती ना?’ ती माझ्याकडे बघत राहिली आणि मलाही उत्तर सुचलं नाही. शिवाय पुढे परीक्षेचं काय, ही धाकधूक आहेच.
– एक आई, सोलापूर

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना माझ्या मुलाचं लहानपण डोळ्यांसमोर आलं. ते पुढे सांगतेच. आधी निर्णय, कारण तुम्ही पैसे हातात घेऊन बसला आहात.

या वर्षी कोणताच संच मागवू नका. पुढच्या जूनमध्ये टॅनच्या मालिकेचा पहिला खंड तेवढा घ्या, आणि आखणी चार वर्षांच्या फेरीची ठेवा: प्राचीन काळ, मध्ययुग, १५०० नंतरचा काळ, आधुनिक काळ. त्या मालिकेचा चौथा खंड संपूर्ण अमेरिकेच्या इतिहासाचा आहे. तो घेऊच नका. त्या वर्षाचं पुस्तक तुम्हीच तयार करायचं आहे आणि तुम्हाला ते जमेल.

बाकीचे दोन का नको, तेही सांगते. सेटनचं काम जुनं आणि निष्ठेचं आहे. आईला रोजचा पाठ आखून मिळतो, ही मोठी सोय. पण तो संच अमेरिकेतल्या कॅथलिक घरांसाठी, तिथल्या इयत्तांच्या मापाने शिवलेला आहे. तुमच्या लेकीला तो कुठे ढगळ होईल, कुठे काचेल. ‘कनेक्टिंग विथ हिस्टरी’ची खरी खुबी अशी की वेगवेगळ्या वयाची चार भावंडं एकाच वेळी एकच कालखंड शिकतात, प्रत्येक जण आपापल्या वयाच्या पुस्तकातून. तुमची तर एकुलती एक. शिवाय त्यात पुस्तकांच्या लांबलचक याद्या असतात. अमेरिकेतली आई ती पुस्तकं गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातून आणते, तुम्हाला एकेक विकत घ्यावं लागेल, वर टपाल आणि कस्टम. एवढी पदरमोड करण्यासारखं त्यात काही नाही. चार वर्षांची फेरी ही कल्पना तेवढी उचला, ती कुणाच्या मालकीची नाही.

टॅनचं पुस्तक गोष्टीच्या चालीचं आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला इतिहास गोष्टीतूनच कळतो. सनावळ्या आणि कारणं-परिणाम यांचं वय अजून लांब आहे. त्याच्यासोबत प्रश्नपत्रिकांची वही, कृतिपुस्तिका असं बरंच काही मिळतं. ते राहू द्या. तुम्ही वाचायचं आणि तिने आपल्या शब्दांत परत सांगायचं, हीच तिची परीक्षा. आणि वाचताना इंग्रजीतून सरळ वाचू नका. आदल्या रात्री तुम्ही प्रकरण वाचून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तिला मराठीत सांगा. आईच्या तोंडून मराठीत आलेली गोष्ट मूल जशी धरून ठेवतं, तशी पुस्तकातली धरत नाही. आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटं पुरे.

आता माझ्या मुलाची गोष्ट. तो आठ वर्षांचा असताना माझ्या बहिणीने अमेरिकेहून मुलांच्या इतिहासाचं एक सुंदर पुस्तक पाठवलं. जाड कागद, रंगीत चित्रं. मी प्राथमिक शाळेत इतिहास शिकवत होते, तरी भारावून गेले आणि रोज रात्री त्यातलं एक पान त्याला वाचून दाखवायला लागले. त्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा यायचं: आपले पूर्वज जहाजातून आले. महिनाभराने एका संध्याकाळी माझ्या सासूबाई अंगणात ज्वारी पाखडत बसल्या होत्या. हा त्यांच्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, ‘आजी, आपण कोणत्या जहाजातून आलो?’ त्यांचं सूप थांबलं. म्हणाल्या, ‘जहाज कुठलं बाळा? बहात्तरच्या दुष्काळात गावची विहीर आटली, तेव्हा बैलगाडीतून आलो. वाटेत एक बैल बसला, तो उठलाच नाही.’ मी दारात उभी होते. लग्न होऊन दहा वर्षं झाली होती, पण त्या बैलाची गोष्ट मी तोवर कधी ऐकली नव्हती. मला विचारायचंच सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून इतिहासाचं कोणतंही पुस्तक हातात घेतलं की मी एकच गोष्ट पाहते: यात ‘आपण’ कोण आहे? आपल्या मराठीत या बाबतीत मोठी सोय आहे. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. इंग्रजीत दोन्हींसाठी शब्द एकच. त्यामुळे अमेरिकन पुस्तक ‘आपला देश’, ‘आपले पूर्वज’ म्हणतं, तेव्हा सोलापुरातली मुलगी नकळत त्या ‘आपण’मध्ये जाऊन बसते आणि स्वतःच्या घरातून उठते. यात त्या पुस्तकाचा दोष नाही, ते तिच्यासाठी लिहिलेलंच नाही. तुमचं काम एवढंच की सांगताना तो ‘आपण’ दर वेळी जागेवर आणायचा. बेनेडिक्टच्या मठात हाताने ग्रंथ उतरवून जपणारे संन्यासी ‘आपले’, कारण ते आपल्या ख्रिस्तसभेचे. जहाजातून अमेरिकेला गेलेले लोक ‘ते’. आणि तगरचे विणकर ‘आपले’.

तगर म्हणजे आपलं तेर, धाराशिवच्या पलीकडचं, गोरोबाकाकांचं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली आहे. तगरहून साधं कापड, तलम कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात येतं, असं तो लिहितो. भडोचला रोमन साम्राज्यातून जहाजं येत. म्हणजे प्रेषित पौल गावोगाव पत्रं पाठवत होता त्याच सुमारास आपल्या पलीकडच्या गावचं कापड रोमच्या वाटेला लागत होतं. टॅनच्या पहिल्या खंडात रोम आलं की पुस्तक मिटून एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपल्यावर तेरला जा. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात रोमशी चाललेल्या व्यापाराच्या काळातल्या वस्तू तिला काचेपलीकडे बघता येतील. सोलापूरची पोर आहे, चादरी आणि टॉवेल विणणाऱ्यांचं गाव तिचं. कापड विकत घ्यायला रोमन लोक थांबले होते, हे तिला लगेच कळेल.

असे सांधे जागोजागी आहेत. बायबलमधला अब्राहाम आजच्या इराकमधल्या ऊर नगरातून निघाला, हे ती धर्मशिक्षणात ऐकते. त्या ऊरच्या उत्खननात सिंधू संस्कृतीच्या धाटणीच्या मुद्रा सापडल्या आहेत. मग ऊरचं प्रकरण आलं की त्याच आठवड्यात मोहेंजोदडो घ्यायचं. संत थॉमस इसवी सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरले अशी तिथल्या ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे. ती परंपरा म्हणूनच सांगा, पण सांगा जरूर. ख्रिस्ती धर्म गोऱ्या लोकांनी आणला, हे वाक्य तिला आयुष्यभर ऐकावं लागणार आहे.

आता या वर्षी करायचं काय? शिवणाच्या दुकानातून साधी पांढरी कापडी पट्टी आणा, सव्वाचार मीटर लांब. ती बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावा, लेकीच्या डोळ्यांच्या उंचीवर. मध्यावर येशूचा जन्म. एक सेंटिमीटर म्हणजे दहा वर्षं. उजवीकडे दोन मीटरच्या जरा पुढे आज. डावीकडच्या दोन मीटरमध्ये ख्रिस्तपूर्व काळ. अशोक पंचवीस सेंटिमीटरवर, अब्राहाम जवळजवळ टोकाला. मग तिला तिचं स्वतःचं आयुष्य मोजायला लावा. सात मिलिमीटर! पेन्सिलीने ती एवढीशी रेघ ओढताना तिचा चेहरा बघा.

या पट्टीवर जे दिसतं ते कोणत्याही संचात मिळणार नाही. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली, १२९ सेंटिमीटरवर. तिथून तीन सेंटिमीटर पुढे १३२१, ठाण्याला चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू हुतात्मा झाले. पोर्तुगीज यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती. १६१६ मध्ये गोव्यात राचोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. १६३० मध्ये शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. पट्टीवर या दोघांत दीड सेंटिमीटरसुद्धा अंतर नाही. तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, इथे छापलं नाही: बाकी मुलं शिवाजी महाराज शिकणार आणि माझी लेक संतांच्या गोष्टी, ती वेगळी पडेल का? तिला त्या दीड सेंटिमीटरवर बोट ठेवू द्या.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्यावर तर मला आठवडाभर लिहिता येईल. हा मूळचा इंग्रज, येशूसंघाचा म्हणजे जेज्वीट धर्मगुरू, १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांत येशूचं चरित्र रचलं, तेच हे ‘ख्रिस्तपुराण’. मराठीची थोरवी गाताना त्याने तिला खड्यांमधलं रत्न म्हटलं, फुलांमधला मोगरा म्हटलं, सुगंधातली कस्तुरी म्हटलं. तिसऱ्या वर्षी, नऊ वर्षांची झाली की, तिला त्यातल्या चार ओव्या पाठ करायला द्या. मराठी आणि कॅथलिक या दोन गोष्टी वेगवेगळ्या खणांत ठेवायच्या नसतात, हे तिला तुम्ही समजावून सांगावं लागणारच नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेही इथून जवळच धाराशिवला. वसईच्या मुलीला हे मी नव्याने सांगायला नको, पण तुमच्या लेकीला ते पट्टीवर दिसलं पाहिजे.

आणि वसई. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण इथे तुमच्या लेकीच्या ‘आपण’ची खरी कसोटी लागणार आहे.

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. तिच्या बरोबरीची मुलं हा मराठ्यांचा मोठा विजय म्हणून शिकतील आणि तो होताच. तुमच्या माहेरच्या वाडीत मात्र त्याच वर्षाची आठवण वेगळी असेल. मग आपण कोण, जिंकलेले की हरलेले? वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठे सैन्याने नेल्या आणि देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे. नाशकात गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर जी आहे ती तर म्हणीत जाऊन बसली. कुणाचा आवाज खणखणीत असला की आपण म्हणतो, नारोशंकराची घंटा! सुट्टीत वसईला जाताना एकदा वाट वाकडी करून तिला मेणवलीला न्या. घाटावर ती घंटा खाली उभं राहून बघता येते. तिला सांगा, ‘ही तुझ्या आजोळची. आधी मिस्सेला वाजायची, मग इथे आली.’ कोण चांगलं, कोण वाईट, हे तिने विचारलं तर घाईने निवाडा देऊ नका. ‘दोन्हीकडे आपलीच माणसं होती’ एवढं सांगा. हे समजुतीचं बोलणं नाही, खरंच तसं होतं: वसईच्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी होते, आणि किल्ल्याबाहेर मराठी बोलणारेच शिपाई होते. हा असा ‘आपण’ पेलायला शिकलेलं मूल पुढे कुठल्याही गर्दीत वाहून जात नाही.

त्याच वसईत गोन्सालो गार्सिया जन्मले. जेज्वीट धर्मगुरूंसोबत जपानला गेले, तिथली भाषा शिकले, काही काळ व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेले. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले, भारतात जन्मलेले पहिले संत. लेकीला त्यांची गोष्ट हवीच. पण त्यांचं जपानी शिकणं, दुभाष्याचं काम करणं, वसईहून इतक्या लांब जाणं हे जास्त सांगा. क्रूस आणि भाले एका वाक्यात उरका. कॅथलिक पुस्तकांत हुतात्म्यांच्या छळाची वर्णनं असतात. सात वर्षांच्या मुलीला, त्यातून दम्याने रात्री जागणाऱ्या, ती झोपण्याआधी वाचून दाखवायची नसतात. शौर्य आत्ता कळू दे, यातना मोठेपणी कळतील.

आता खालच्या मजल्यावरच्या मुलाचा प्रश्न. त्याचं उत्तर ‘हो’ असं आहे. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन सुरू झालं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. लोकांना त्रास झाला, शिक्षा झाल्या, माणसं गाव सोडून गेली. लेकीला आज एवढंच सांगा: ‘हो, काही जणांनी बळजबरी केली. ते चूक होतं. येशूने कुणावर बळजबरी केली नाही.’ तपशील बारा-तेराव्या वर्षी, पण तेव्हा पूर्ण. ‘तेव्हा सगळेच तसे होते’ किंवा ‘त्यांनीही आपल्या घंटा नेल्याच की’ असली उत्तरं तिच्या तोंडी देऊ नका. संत जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० ला रोममध्ये भर मिस्सेत ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांची देवाकडे क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली केलेली बळजबरी त्यात होती. त्याच्याही आधी, १८८१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी व्हॅटिकनचं दप्तर अभ्यासकांना खुलं केलं आणि दोन वर्षांनी लिहिलं की इतिहासाचा पहिला नियम खोटं सांगू नये हा, आणि दुसरा खरं सांगायला भिऊ नये हा. प्राचीन रोमन वक्ता सिसरो याचं जुनं वचन त्यांनी पुढे केलं होतं. तुम्ही श्रद्धेच्या उजेडातला इतिहास म्हणता ना, तो हाच. कुठलाही संच घ्या, पण ज्या पुस्तकात ख्रिस्तसभेच्या हातून एकही चूक झालेली नाही, ते मिटून ठेवा.

प्रोटेस्टंट चळवळीच्या प्रकरणातही जपून. अमेरिकन कॅथलिक पुस्तकांत ती चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरबद्दलची भाषा कधी कधी तिखट असते. आपल्या सोलापुरात ख्रिस्ती म्हटलं की निम्मी ओळख अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनच्या परंपरेतल्या कुटुंबांची. नाताळात लेक ज्यांच्या घरी करंज्या खाते त्यांच्याविषयी ती काय शिकते, याचं भान असू द्या.

आधुनिक काळाच्या चौथ्या वर्षाचं पुस्तक तर आपल्या रस्त्यांवरच आहे. जुनी गिरणी कुठे होती ते दाखवा. तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर इथे कसे आले ते एखाद्या मागवाल्या आजोबांकडूनच ऐकू द्या. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, काही दिवस इंग्रजांचा अंमलच उरला नाही, मग मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्मा चौकात त्या दिवशी तिला घेऊन जा आणि चारही नावं मोठ्याने वाचायला सांगा. तिथून दोनच दिवसांवर संक्रांत, सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची जत्रा, नंदीध्वज. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून तलाव खोदला, हेही तिच्या गावाचंच. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथेच जन्मले आणि १९४२ मध्ये चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता गेले. माणसं कशासाठी जगली, हे संतचरित्रांतून शिकणाऱ्या मुलीला कोटणीस परके वाटणार नाहीत.

परीक्षेची धास्ती आज घेऊ नका. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे आणि घरी शिकवण्याची अशी स्वतंत्र वाट त्यात आखून दिलेली नाही. म्हणून कागद व्यवस्थित ठेवा: जन्मदाखला, आधार, आधीच्या शाळेचा दाखला, आणि तुम्ही काय शिकवलं याची तारखेनिशी वही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा आहेत, आणि चौदा पूर्ण झाल्यावर दहावी देता येते. राज्य मंडळाची दहावी द्यायची झाली तर बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच. तोवर, नऊ वर्षांची झाली की, बालभारतीचं चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिच्यासोबत वाचा. ते आपलंच आहे.

एक गोष्ट मात्र पुढच्याच आठवड्यात करा. धर्मग्रामाच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, फादरांना भेटून बाप्तिस्म्याची नोंदवही बघायची परवानगी मागा. आधी लेकीची नोंद काढा: नाव, जन्मतारीख, आईबाप, धर्ममातापिता, खाली फादरांची सही. मग तिच्या बाबांची. समासात बारीक अक्षरांत दृढीकरणाची आणि लग्नाची तारीख असेल. सापडली तर तिच्या आजोबांचीही बघा, शाई फिकी झालेली असेल. माझ्या मुलाने स्वतःचं नाव त्या मोठ्या वहीत पाहिलं तेव्हा बराच वेळ काही बोलला नाही, नुसतं बोट फिरवत राहिला. त्या तारखा घरी आणून पट्टीवर लावा. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६५ मध्ये आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक असं म्हटलं. ते मला नेहमी या वहीपाशी आठवतं.

आणि सासूबाई. त्यांचं म्हणणं मला पटलं, एवढं त्यांना माझ्याकडून सांगा. मग लेकीच्या हातात वही-पेन्सिल देऊन तिला त्यांच्याजवळ बसवा. पहिला प्रश्न तिने असा विचारायचा: ‘आजी, आपण सोलापुरात कधी आलो, आणि कशातून?’